वेक काउंटीतल्या कलाशाळा

नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या वेक काउंटीत, रॅले आणि डरहॅम या दोन शहरांच्या मधोमध मॉरिसव्हिल हे गाव आहे. इथल्या मुलांना पत्त्यानुसार एक सरकारी प्राथमिक शाळा नेमून दिलेली असते. त्याशिवाय काउंटीतल्या एखाद्या ‘मॅग्नेट’ शाळेसाठीही अर्ज करता येतो. मॅग्नेट म्हणजे एखाद्या खास विषयाच्या ओढीने दूरदूरची मुले जिथे यावीत अशी सरकारी शाळा. या शाळांपैकी काहींनी बालवर्गापासून पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी कला हाच आपला खास विषय ठरवला. तिथे चित्र, संगीत, नृत्य आणि नाट्य हे विषय शाळेच्या तासांतच, पगारी शिक्षकांकडून शिकवले जातात आणि त्यासाठी फी पडत नाही. या शाळांचा इतिहास वरवर पाहता शिक्षणातल्या एका प्रयोगाचा वाटतो. खोलात गेले की त्यात वंशभेद, करदात्यांचा पैसा, परीक्षेतले गुण आणि निवडणुका असे सगळे गुंतलेले दिसते. कलेला सरकारी शाळेत जागा मिळाली ती बहुतेक वेळा कलेसाठी म्हणून नव्हे, दुसऱ्याच एखाद्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. त्या प्रश्नाचा जोर ओसरल्यावरही जिथे ती टिकली, तिथे ती शिक्षकांमुळे टिकली.

मॉरिसव्हिल आगगाडीमुळे वसले. १८५२ मध्ये जेरेमाया मॉरिस या जमीनमालकाने नॉर्थ कॅरोलायना रेल्वेला स्थानकासाठी जमीन दिली आणि त्याच्याच नावावरून गावाला नाव पडले. यादवी युद्धाच्या अगदी शेवटी, एप्रिल १८६५ मध्ये, या स्थानकाजवळ चकमक झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत जवळच्या डरहॅमपाशी दक्षिणेच्या सेनापती जॉन्स्टनने शरणागती पत्करली. १८७५ साली गावाला नगराचा दर्जा मिळाला. पुढची शंभर वर्षे ते तंबाखूच्या शेतांमधले एक लहान ठिकाण राहिले. १९५९ मध्ये शेजारी ‘रिसर्च ट्रँगल पार्क’ ही संशोधन-उद्योगांची वसाहत उभी राहिली आणि १९६५ मध्ये तिथे आयबीएमने येण्याचा निर्णय घेतला. गावाची पुढची वाढ त्यातून झाली, पण शाळांच्या इतिहासात तिचा भाग बराच नंतर येतो.

कलेवर सरकारी पैसा खर्च करण्याची या राज्याची सवय जुनी आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढच्या गोष्टी कळत नाहीत. नॉर्थ कॅरोलायना हे श्रीमंत राज्य नव्हते. तंबाखू, कापूस आणि सूतगिरण्या यांवर चालणारा तो मुलूख होता. तरी १९३२ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थ कॅरोलायना सिंफनी या वाद्यवृंदाला १९४३ मध्ये विधिमंडळाने नियमित अनुदान मंजूर केले. विरोधकांनी या विधेयकाला ‘पिपाणी विधेयक’ अशा अर्थाचे टोपणनाव ठेवले, पण ते मंजूर झाले. वादक बसमधून गावोगाव फिरू लागले. संध्याकाळी मोठ्यांसाठी तिकिटाचा कार्यक्रम आणि दिवसा शाळेतल्या मुलांसाठी मोफत, असा त्यांचा शिरस्ता होता. डोंगराळ भागातल्या हजारो मुलांनी व्हायोलिन पहिल्यांदा पाहिले ते शाळेच्या सभागृहात. १९४७ मध्ये त्याच विधिमंडळाने चित्रे आणि शिल्पे विकत घेण्यासाठी १० लाख डॉलर मंजूर केले. लोकांच्या पैशातून संग्रह उभारणाऱ्या त्या संग्रहालयाचे दरवाजे १९५६ मध्ये रॅलेत उघडले.

यानंतरचे मोठे पाऊल गव्हर्नर टेरी सॅनफर्ड यांच्या काळात पडले. सॅनफर्ड यांनी १९६१ मध्ये शाळांचा खर्च भागवण्यासाठी अन्नपदार्थांवरही विक्रीकर लावला आणि त्याबद्दल लोकांचा रोष ओढवून घेतला. कादंबरीकार जॉन ईली हे त्यांचे सल्लागार होते. त्यांच्या आग्रहातून नृत्य, नाट्य आणि संगीत शिकवणारी सरकारी कलाशाळा काढण्याचा विचार पुढे आला. विधिमंडळात या विधेयकाचीही थट्टा झाली. चवड्यांवर नाचणाऱ्या पोरांसाठी शेतकऱ्याचा पैसा का, असा टीकेचा सूर होता. १९६३ मध्ये विधेयक मंजूर झाले आणि १९६५ मध्ये विन्स्टन-सेलम शहरात नॉर्थ कॅरोलायना स्कूल ऑफ द आर्ट्स सुरू झाली. एखाद्या राज्याने चालवलेली ही अमेरिकेतली पहिली व्यावसायिक कलाशिक्षण संस्था. तिथे निवड होऊनच प्रवेश मिळे आणि ते योग्यही होते, कारण कलावंत घडवणे हेच तिचे काम होते. सामान्य प्राथमिक शाळेतल्या सामान्य मुलाचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. तीस वर्षांनी त्याचे उत्तर याच संस्थेच्या आवारातून निघाले.

त्याआधी रॅलेतल्या शाळांना एका कठोर प्रश्नातून जावे लागले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल लागला, शाळा मात्र तशाच राहिल्या. १९६० मध्ये बिल कॅम्पबेल हा सात वर्षांचा मुलगा रॅलेच्या मर्फी शाळेत दाखल झाला. शहरातल्या गोऱ्यांच्या शाळेत शिकणारा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. हाच मुलगा पुढे अटलांटाचा महापौर झाला. त्या शाळेच्या सभागृहात आता बर्निंग कोल ही नाटक कंपनी प्रयोग करते. १९७१ मध्ये याच राज्यातल्या शार्लट शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शाळा एकत्र करण्यासाठी मुलांना बसने शहराच्या दुसऱ्या भागात पाठवणे कायदेशीर आहे. देशभर त्यावरून संताप उसळला. अनेक शहरांतली गोरी कुटुंबे उपनगरांत निघून गेली. शहराच्या मधल्या शाळा ओस पडू लागल्या आणि कडेच्या शाळांत मुले मावेनात.

रॅलेतही हेच सुरू झाले होते. शहराचा शाळाकारभार वेगळा होता आणि भोवतालच्या काउंटीचा वेगळा. दोन्ही एक केल्याशिवाय हा असमतोल सुटणार नाही, हे उद्योजकांना आणि काही लोकप्रतिनिधींना कळत होते. मतदारांनी १९७३ च्या सार्वमतात विलीनीकरण साफ नाकारले. तरीही विधिमंडळाने मार्ग मोकळा करून दिला आणि १ जुलै १९७६ रोजी रॅले शहर आणि वेक काउंटी यांच्या शाळा एका मंडळाखाली आल्या. लोकांच्या कौलाविरुद्ध झालेला हा निर्णय होता आणि त्याची बोच पुढची अनेक वर्षे राहिली. पण तो झाला नसता, तर मॉरिसव्हिलमधल्या मुलाला रॅलेतल्या कलाशाळेत जाण्याचा रस्ताच उरला नसता, कारण ती शाळा दुसऱ्याच मंडळाची असती.

कारभार एक झाला, तरी मुले कशी मिसळायची हा प्रश्न होताच. सक्तीने मुलांना हलवण्यापेक्षा पालकांनी आपणहून यावे अशी शाळा उभी करायची, ही मॅग्नेटची कल्पना तेव्हा देशात रुजू लागली होती. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात १९६८ मध्ये मॅकार्व्हर प्राथमिक शाळेत आणि पुढच्या वर्षी बॉस्टनच्या ट्रॉटर शाळेत तिचे पहिले प्रयोग झाले होते. वेक काउंटीचे शिक्षण अधीक्षक वॉल्टर मार्क्स हे न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर शहरातून आले होते आणि तिथे त्यांनी हीच पद्धत वापरली होती. १९८२ मध्ये त्यांनी एकदोन शाळांवर प्रयोग करत बसण्याऐवजी काउंटीतल्या मोठ्या संख्येच्या शाळा एका फटक्यात मॅग्नेट केल्या. बहुतेक शाळा रॅलेच्या मध्यभागी आणि आग्नेय भागात, म्हणजे कृष्णवर्णीय वस्त्यांजवळ होत्या. इमारती होत्या, शिक्षक होते, बाके मात्र रिकामी होती. त्या बाकांवर उपनगरांतली मुले यावीत म्हणून त्या शाळांना असे काहीतरी द्यायचे होते, जे उपनगरातल्या शाळेत मिळत नाही.

ते ‘काहीतरी’ म्हणून कला पुढे आली. गणित आणि वाचन सगळीकडेच शिकवले जाई. नृत्याचा लाकडी जमिनीचा वर्ग, मातीकामाची भट्टी, लहान रंगमंच, वाद्यांची खोली या गोष्टी घराजवळच्या शाळेत नव्हत्या आणि आईबापांना मोह पडावा अशा होत्या. काही शाळांना ‘हुशार आणि प्रज्ञावान’ असे नाव मिळाले, पण त्यात गंमत अशी की तिथे येण्यासाठी बुद्धीची परीक्षा द्यावी लागत नव्हती. प्रत्येक मुलात काही ना काही गुण आहे असे धरून पर्यायी विषयांची लांबलचक यादी त्याच्यासमोर ठेवली जाई. त्या यादीत नाटक, नृत्य, कुंभारकाम, छायाचित्रण असे विषय भरपूर असत. वॉशिंग्टन प्राथमिक शाळा ही त्यांपैकी एक. १९२० च्या दशकात ती इमारत रॅलेतले कृष्णवर्णीय मुलांचे पहिले सरकारी हायस्कूल म्हणून बांधली गेली होती. १९५३ मध्ये लिगन हायस्कूल उघडल्यावर ते हायस्कूल तिथे हलले. ज्या इमारतीत एकेकाळी गोऱ्या मुलाने पाऊल टाकणे अशक्य होते, तिथे आपल्या मुलाला जागा मिळावी म्हणून १९८२ नंतर गोरी कुटुंबे अर्ज करू लागली. पुढे आग्नेय रॅलेतली बग प्राथमिक शाळा आणि डग्लस प्राथमिक शाळा यांनी ‘सर्जक कला आणि विज्ञान’ हा विषय घेतला. ब्रूक्स शाळेने संग्रहालयांशी नाते जोडले आणि धडे शहरातल्या संग्रहालयांच्या आधाराने रचले.

या व्यवस्थेत एक अवघड गाठ होती. शाळेच्या परिसरातल्या मुलांना तिथे जागा हवी आणि बाहेरून येणाऱ्यांसाठीही हवी. कलाविषयांमुळे शाळा नावारूपाला आली की बाहेरचे अर्ज वाढत आणि ज्यांच्यासाठी हे सारे मांडले त्या वस्तीतल्या काही मुलांना मात्र लांबच्या शाळेत बसने जावे लागे. बसप्रवासाचा भार कृष्णवर्णीय मुलांवर अधिक पडतो, ही तक्रार त्या समाजातून सतत होत राहिली आणि ती खरी होती. मॅग्नेट शाळांचे कौतुक करणाऱ्या लिखाणात ही बाजू बहुधा दोन ओळींत उरकली जाते. ती मोठ्या जागेची धनी आहे, कारण उत्तम नृत्यवर्ग दाराशी असूनही दुसऱ्या गावच्या शाळेत जावे लागणाऱ्या मुलाच्या दृष्टीने त्या वर्गाला काही अर्थ नसतो.

कलेचे शिक्षण सर्व मुलांना मिळावे, ही तरतूद राज्याने १९८५ च्या मूलभूत शिक्षण कार्यक्रमात केली. त्यात प्रत्येक शाळेने द्यायच्या किमान विषयांत कला होती. नॉर्थ कॅरोलायनात शिक्षकांचा मूळ पगार १९३० च्या दशकापासून राज्य देते आणि इमारती काउंटी बांधते. त्यामुळे कलाशिक्षकांची पदे किती, हे शेवटी रॅलेतल्या विधिमंडळावर अवलंबून असते. आठवड्यातून एकदा चाळीस-पंचेचाळीस मिनिटे चित्रकला आणि एकदा संगीत, हे बहुतेक प्राथमिक शाळांतले चित्र यातून तयार झाले. नृत्य आणि नाट्य क्वचितच कुठे होते.

चित्र बदलले १९९५ मध्ये. त्याआधी दोन वर्षे, १९९३ मध्ये, विन्स्टन-सेलमच्या त्याच स्कूल ऑफ द आर्ट्समध्ये केनन कला संस्था स्थापन झाली होती. तिने राज्यभरातल्या सरकारी शाळांकडून अर्ज मागवले आणि २५ शाळा निवडून ‘ए प्लस शाळा’ हा कार्यक्रम सुरू केला. मागे होते मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचे १९८३ चे पुस्तक, ज्यात बुद्धी एक नसून अनेक प्रकारची असते असे मांडले होते. कार्यक्रमाची मागणी साधी, पण शाळेच्या रोजच्या चाकोरीला धक्का देणारी होती. चित्र, संगीत, नृत्य आणि नाट्य या चारही कला प्रत्येक मुलाला दर आठवड्याला मिळाव्यात; आणि वर्गशिक्षिकेने विज्ञान, गणित, भाषा यांचे धडे कलाशिक्षकाबरोबर बसून बांधावेत. निवडलेल्या शाळांचे सगळे शिक्षक, मुख्याध्यापकांसह, उन्हाळ्यात आठवडाभर निवासी शिबिराला जात. तिथे गणिताच्या बाईंना नाचावे लागे आणि संगीतशिक्षकाला अपूर्णांकांचा अभ्यासक्रम वाचावा लागे. शिकवणारेही मुख्यतः शिक्षक आणि कलावंतच असत.

वर्गात याचे रूप काय होते, हे पाहिल्याशिवाय या कार्यक्रमाचे वेगळेपण लक्षात येत नाही. शिक्षकखोलीच्या भिंतीवर मोठा कागद लावला जाई. त्यावर महिनावार प्रत्येक इयत्तेचे सगळे विषय मांडले जात. तिसरीत ऑक्टोबरमध्ये जलचक्र आहे, तर नृत्यशिक्षिका त्याच आठवड्यात बाष्पीभवन, ढग आणि पाऊस यांच्या हालचाली बसवायला घेई. मुलांना आधी ठरवावे लागे की वाफ वर जाताना सगळ्यांनी एकदम उठायचे की एकेकाने, आणि त्यासाठी पाण्याचे काय होते हे नीट समजून घ्यावे लागे. चौथीत अपूर्णांक आले की संगीताच्या तासाला पूर्ण, अर्धी आणि पाव मात्रा टाळीवर मोजल्या जात. चार मात्रांच्या आवर्तनात किती पाव मात्रा बसतात हे मूल टाळीने पडताळून पाही आणि चूक झाली तर सगळ्या वर्गाला ती ऐकू येई. पाश्चात्त्य स्वरलेखनात मात्रांचे हे भाग कागदावर उघड दिसतात, म्हणून हा धडा तिथे सहज बसतो. तालाचे गणित हाताच्या बोटांवर शिकणाऱ्या आपल्याकडच्या तबल्याच्या विद्यार्थ्यालाही तो चटकन कळेल.

वर्षअखेरीच्या भपकेदार स्नेहसंमेलनापेक्षा या शाळांनी एका लहान प्रकारावर भर दिला. एखादा धडा संपला की पालकांना बोलावून मुले काय शिकली आणि कसे शिकली ते करून दाखवत. पोशाख नसत आणि तालीमही फारशी नसे. मधेच थांबून एखादी मुलगी सांगे की हा भाग आधी वेगळा होता, तो का बदलला. पालकांना त्यातून आपल्या मुलाचे गायन जेवढे कळे, त्याहून जास्त त्याचे विज्ञान कळे. कलाशिक्षणात शिकण्याची प्रक्रिया आणि सादरीकरण यांत नेहमी ओढाताण असते. प्रेक्षक मोठा झाला की चांगले गाणारे मूल पुढे येते आणि बाकीची मागच्या रांगेत उभी राहतात. ए प्लस शाळांनी या ओढाताणीत प्रक्रियेची बाजू धरली आणि या कार्यक्रमाची ती सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

काळ मात्र अनुकूल नव्हता. १९९६ च्या सुमारास राज्याने शाळांना परीक्षेतल्या गुणांवर जबाबदार धरणारी नवी पद्धत आणली. शाळांची प्रतवारी वर्तमानपत्रांत छापून येऊ लागली आणि वाचन-गणिताच्या सरावासाठी बाकीचे तास कापले जाऊ लागले. कलेचे तास वाढवणाऱ्या या २५ शाळा नेमक्या त्याच वर्षांत कामाला लागल्या होत्या. जॉर्ज नोब्लिट, डिक्सन कॉर्बेट, ब्रूस विल्सन आणि मोनिका मॅकिनी या संशोधकांनी पहिली चार वर्षे या शाळांचा पाठपुरावा केला. त्यांचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. कलेला एवढा वेळ देऊनही या शाळा राज्याच्या परीक्षांत इतरांच्या बरोबरीने राहिल्या, मागे पडल्या नाहीत. शिक्षक एकत्र बसून काम करू लागले आणि मुलांचा शाळेतला रस वाढला, असेही त्यांना दिसले. सर्व शाळा सारख्या बदलल्या नव्हत्या. काहींत कलेचे तास वाढले, पण वर्ग जुन्या पद्धतीनेच चालत राहिले. काहींत मात्र शाळेची रीतच पालटली. फरक पैशाने जेवढा पडला, त्याहून जास्त एका गोष्टीने पडला : शिक्षकांना एकत्र नियोजनासाठी रोजच्या वेळापत्रकात राखून ठेवलेला तास मिळतो की नाही.

पैशाची अडचणही होतीच. सुरुवातीचा खर्च खासगी निधीतून झाला आणि राज्याकडून जेवढी अपेक्षा होती तेवढे मिळाले नाही. तरी कार्यक्रम बंद पडला नाही. ओक्लाहोमा, अर्कान्सा आणि नंतर लुइझियाना या राज्यांनी तो उचलला. नॉर्थ कॅरोलायनात त्याची जबाबदारी २०१० मध्ये राज्याच्या कला परिषदेकडे आली. वेक काउंटीतल्या बग आणि डग्लस या शाळा या जाळ्यात होत्या. १९८२ मध्ये मुले ओढून आणण्यासाठी शाळांना कला दिली गेली होती. आता त्या कलेला शिकवण्याची एक पद्धत मिळाली.

इकडे मॅग्नेटमागचा कायदेशीर पाया हलत होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संघराज्य न्यायालयांनी वंशावरून शाळावाटप करण्यावर बंधने आणली. २००० मध्ये वेकच्या शिक्षण मंडळाने वंशाऐवजी कौटुंबिक उत्पन्न हा निकष घेतला. मोफत किंवा सवलतीच्या दुपारच्या जेवणाला पात्र असलेली मुले कोणत्याही शाळेत ४० टक्क्यांहून अधिक नसावीत आणि वाचनात मागे असलेली मुले २५ टक्क्यांहून अधिक नसावीत, असे ते धोरण होते. देशभर त्याची चर्चा झाली. शहरातल्या गरीब वस्तीत अशी शाळा टिकवायची, तर मॅग्नेट पुन्हा लागणारच होते. त्यामुळे कलाशाळांचे महत्त्व कमी झाले नाही.

मॉरिसव्हिलची खरी वाढ याच काळात झाली. २००० च्या जनगणनेत गावाची वस्ती ५,२०८ होती. २०१० मध्ये ती १८,५७६ झाली आणि २०२० मध्ये २९,६३०. यातल्या जवळपास निम्म्या लोकांचे मूळ आशियात, आणि त्यांत भारतीय सर्वाधिक. हिंदू सोसायटीचे मंदिर गावातच आहे, शेजारच्या कॅरीत वेंकटेश्वराचे. चर्च स्ट्रीट पार्कच्या मैदानावर आता व्यावसायिक क्रिकेट सामने होतात. संगणक आणि औषध कंपन्यांत कामाला आलेल्या तेलुगू, तमिळ, गुजराती कुटुंबांबरोबर मराठी कुटुंबेही इथे स्थिरावली. या घरांतल्या मुलांचे कलाशिक्षण बहुधा शनिवार-रविवारी चालते : भरतनाट्यम, तबला, गाणे, चित्रकलेचा वर्ग. ते फी देऊन, गाडीने नेऊन-आणून आणि एका गुरूच्या हाताखाली होते. त्याची खोली मोठी असते, पण ते ज्याला परवडते त्याचेच राहते. वेकच्या कलाशाळांनी हाच वेळ सोमवार ते शुक्रवारच्या तासांत आणला आणि ज्याच्या घरी गाडी नाही त्या मुलालाही दिला. दोन्ही वाटांचा हेतू वेगळा आहे आणि एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

वाढत्या वस्तीने शाळांवर ताण आला. नवी इमारत उभी राहायच्या आत मुले दारात उभी असत. दरवर्षी शाळावाटपाचे नकाशे बदलत आणि काही मुलांना प्राथमिकच्या सहा वर्षांत दोन-तीन शाळा बदलाव्या लागत. या त्रासातून २००९ च्या ऑक्टोबरमध्ये शिक्षण मंडळात बहुमत पालटले. नव्या बहुमताने मार्च २०१० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी उत्पन्नाचा निकष रद्द केला आणि घराजवळची शाळा हे तत्त्व पुढे आणले. नागरी हक्क चळवळीतले नेते रेव्हरंड विल्यम बार्बर यांच्या नेतृत्वाखाली रॅलेत मोर्चे निघाले, मंडळाच्या बैठकीत धरणे झाले, अटका झाल्या. २०११ च्या निवडणुकीत बहुमत पुन्हा फिरले. जुना आकड्यांचा निकष तसाच परत आला नाही, पण मॅग्नेट शाळा या सगळ्यातून टिकल्या. त्यांच्या बाजूने दोन्ही गटांतले पालक उभे होते.

कलाशिक्षकांवरचे सर्वांत मोठे संकट मात्र एका चांगल्या हेतूच्या कायद्यातून आले. राज्याने ठरवले की बालवर्गापासून तिसरीपर्यंतचे वर्ग लहान करायचे : बालवर्गात सरासरी १८, पहिलीत १६, दुसरी-तिसरीत १७ मुले. लहान वर्ग कुणाला नको असतात? पण त्यासाठी लागणाऱ्या जादा शिक्षकांचा आणि खोल्यांचा पैसा कायद्यात नव्हता. आतापर्यंत शाळा वर्गसंख्येतल्या थोड्या सैलपणातून चित्रकला, संगीत आणि व्यायाम यांच्या शिक्षकांचे पगार भागवत होत्या. तो सैलपणा गेला तर ही पदे जाणार होती. शिवाय नव्या वर्गांसाठी खोल्या हव्यात, म्हणून कलेच्या खोल्या आधी घेतल्या गेल्या असत्या. अशा वेळी चित्रकलेची शिक्षिका रंग, कागद आणि पाण्याचे डबे ढकलगाडीवर घालून वर्गावर्गात फिरते, आणि मातीकाम व विणकाम यांसारख्या गोष्टी आपोआप बंद होतात.

२०१७ मध्ये विधिमंडळाने अंमलबजावणी एक वर्ष पुढे ढकलली. जानेवारी २०१८ मध्ये पालक आणि शिक्षक कडाक्याच्या थंडीत रॅलेत विधिमंडळासमोर जमले. त्यात वेक काउंटीतले पालक मोठ्या संख्येने होते, कारण इथली वाढ सर्वाधिक आणि खोल्यांची टंचाईही सर्वाधिक. फेब्रुवारी २०१८ मध्ये तोडगा निघाला. लहान वर्गांचा नियम चार वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू करायचा, आणि कला, संगीत, व्यायाम व परकीय भाषा यांच्या प्राथमिक शिक्षकांसाठी राज्याने स्वतंत्र निधी द्यायचा. पहिल्या वर्षासाठी ६ कोटी १० लाख डॉलरची तरतूद झाली. प्राथमिक शाळेतल्या कलाशिक्षकाच्या पगाराला राज्याच्या अंदाजपत्रकात स्वतःची ओळ मिळाली. १९४३ च्या वाद्यवृंदाच्या अनुदानापासून सुरू झालेल्या परंपरेत ही तरतूद सर्वांत कमी गाजलेली, पण बहुधा सर्वांत दूरगामी आहे.

महाराष्ट्राशी तुलना केली तर या तरतुदीचे वजन कळते. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या, शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांना कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला. पहिली ते पाचवीसाठी असे पद नाही. तिथे चित्र आणि गाणे वर्गशिक्षकाच्या उत्साहावर चालते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला गाणी, खेळ, माती आणि पाने यांतून लहान मुलांचे शिक्षण उभे केले, तेव्हा त्यांनी नेमका हाच वयोगट धरला होता. त्यांची दृष्टी आणि ए प्लस शाळांची दृष्टी यांत आश्चर्यकारक साम्य आहे. फरक एवढाच की एकीला राज्याच्या अंदाजपत्रकातून कायम पगारी शिक्षक मिळाले.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे राज्यातल्या शाळा बंद झाल्या आणि कलेचे तास पडद्यावर आले. चित्रकला कशीबशी चालली. एकत्र गाणे आणि नाचणे चालू शकले नाही. त्याच वर्षी विधिमंडळाने आणखी एक कायदा केला, ज्यानुसार सहावी ते बारावीच्या दरम्यान प्रत्येक विद्यार्थ्याने कलेचा किमान एक विषय पूर्ण केल्याशिवाय त्याला हायस्कूलची पदवी मिळणार नाही. २०२२ मध्ये सहावीत आलेल्या मुलांपासून तो लागू झाला.

वेक काउंटीत आज सुमारे १,६०,००० विद्यार्थी आहेत आणि मॅग्नेट शाळा पन्नासच्या आसपास. विषय वेळोवेळी बदलतात. एखाद्या शाळेचा विषय जुना झाला किंवा अर्ज कमी झाले की नवा दिला जातो, आणि त्यासाठी अनेकदा संघराज्य सरकारचे मॅग्नेट अनुदान मिळवले जाते. ते ठरावीक वर्षांचे असते. त्यानंतर जादा शिक्षकांचे पगार काउंटीला सोसावे लागतात, म्हणून अनुदान संपण्याचे वर्ष प्रत्येक कलाशाळेच्या मुख्याध्यापकांना आधीपासून माहीत असते. मॉरिसव्हिलचे पालक ठरलेल्या मुदतीत संगणकावर अर्ज भरतात, पसंतीक्रम देतात आणि निवड प्राधान्यक्रम व सोडत यांवर होते. भाऊ किंवा बहीण त्याच शाळेत असेल तर प्राधान्य मिळते. मुलाला गाता येते का किंवा चित्र काढता येते का, हे प्राथमिक शाळेच्या अर्जात विचारले जात नाही.